बर्फाला घाम सुटेपर्यंत

कत्तिरी लागली. चेन्नईत हे वाक्य लोक न बोलावता आलेल्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. येणार हे ठाऊक असतं, इलाज नसतो, आणि ते जाईपर्यंत घरात कुणाला धड बसता येणार नसतं. मे महिन्यातल्या उन्हाचा हा सगळ्यांत तापट तुकडा. वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत या दिवसांत थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं आणि गरम पाण्याच्या नळाकडे कुणी बघतसुद्धा नाही. वॉचमन आपली खुर्ची सावलीच्या मागोमाग सरकवत दुपारपर्यंत फाटकापासून इतका लांब जातो, की चोर आला तर त्यालाच जाऊन वॉचमनला शोधावं लागेल. कोपऱ्यावर ताडगोळेवाला बसतो. देवळाबाहेर मांडव पडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रांजणातलं पातळ ताक मिळतं, आलं, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घातलेलं. इथे त्याला नीर मोर म्हणतात. मी त्या रांगेत एकदा पिऊन पुन्हा शेवटी जाऊन उभी राहते.

पण कत्तिरी लागल्याचं मला उन्हावरून कळत नाही. फ्रीजरमधून काढलेली कुठलीही वस्तू मी कानाशी धरून हलवायला लागते, त्यावरून कळतं. पाण्याची बाटली, मटारचं पाकीट, एकदा तर शेजारणीने दिलेल्या कुल्फीचा साचा.

"काय म्हणतायत मटार?" माझा नवरा, निखिल, विचारतो. तो मोटारी बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या जगात वस्तू वाजली म्हणजे बिघडली. माझ्या जगात ती वाजली म्हणजे सुटलो. हे त्याला सांगून उपयोग नाही, कारण तो त्या बसमध्ये नव्हता.

त्या उन्हाळ्याआधी थोडेच दिवस मी लग्न होऊन साताऱ्याहून इकडे आले होते. फार्मसीची पदवी होती, तमिळ मात्र दोन शब्दांचं: हवं आणि नको. गरीब दवाखान्यांना औषधं पुरवणाऱ्या एका संस्थेच्या गोदामात काम मिळालं, पण कच्चं. अत्यावश्यक औषधांच्या पुरवठ्याचं प्रशिक्षण पुरं करायचं, त्यात पास व्हायचं, तर नोकरी पक्की. नाहीतर राम राम. राम राम झाला असता तर मी वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतींशी मराठीत बोलत बसले असते. तेव्हा पास होणं भाग होतं. आणि माझ्यापाशी एका गोष्टीची जन्मापासून टंचाई आहे, ती म्हणजे दम. मी उकळी फुटायच्या आत चहा गाळणारी बाई आहे.

प्रशिक्षण मैलापुरात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. पंखे गरम हवा इकडून तिकडे नेऊन ठेवायचे. शिकवायला होत्या कल्याणी मॅडम. कडक खळ घातलेली सुती साडी, आणि कत्तिरीच्या भर दुपारीही कपाळावर घामाचा टिपूस नाही. या बाई स्वतःच दोन ते आठ अंशांत राहतात असा वर्गाचा पक्का समज होता.

दोन ते आठ हा आमचा जप होता. काही औषधं त्याच अंशांमध्ये जगतात. कारखान्यापासून रोग्याच्या हातापर्यंत, ट्रकमध्ये, गोदामात, बसमध्ये, कुठेही. आठच्या वर गेली की खराब व्हायला लागतात. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचं, हाही एक जप. तो मी घरी जाऊन लगेच लागू केला. सासूबाईंनी पाठवलेल्या लोणच्यांच्या बरण्या मुदतीप्रमाणे एका ओळीत लावल्या, आणि आंब्याचं संपेपर्यंत लिंबाच्या बरणीला निखिलला हात लावू दिला नाही. त्याने आईला फोन करून तक्रार केली. सासूबाई म्हणाल्या, "तिचं प्रशिक्षण कधी संपतंय?"

पण मॅडमचं खरं भय वेगळंच होतं. "उन्हाला सगळेच घाबरतात," त्या इंग्रजीत म्हणायच्या, मग तमिळमध्ये आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा इंग्रजीत. "तुम्ही गारठ्याला घाबरायला शिका. इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं. वितळल्यावर दिसतं तसंच, पण आत गुण उरलेला नसतो. रोगी ते टोचून घेतो आणि साखर चढतच राहते." म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेले प्लास्टिकचे चपटे डबे, तसेच पेटीत ठेवायचे नाहीत. आधी टेबलावर मांडायचे. त्यांना घाम सुटू द्यायचा. मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं तरच तो पेटीत.

कत्तिरीत, बंद पडत्या पंख्याखाली, टेबलावरचा बर्फ नुसता वितळताना बघत बसणं ही काय शिक्षा आहे हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. सगळा वर्ग त्या डब्यांकडे लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे बघावं तसा बघायचा. मी तर दर मिनिटाला उठून हलवून बघायचे.

"बसा मा," शेजारचे म्हणाले. "ते काय पळून चाललं का?"

मी दचकून वळले. मराठी! तेही असं, की शब्द आपले, चाल मात्र तमिळ, आणि शेवटी बाईमाणसाला लावायचं ते तमिळ 'मा'. हे शंकर राव. मैलापूरच्याच एका धर्मादाय इस्पितळात औषधांचं स्टोअर सांभाळायचे, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आमच्याच मुलखातून खाली आले होते. मी साताऱ्याची म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला, जणू मी निरोप घेऊनच आले होते.

"आमची माणसं तिकडून निघाली ती निघाली. परत काय म्हणून आली नाहीत, तिकडे कोणी विचारतात का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"बेस," ते म्हणाले, आणि जरासे हिरमुसले. मी त्यांना रावकाका म्हणायला लागले. टेबलं दोघादोघांची होती. आम्ही एका टेबलाचे झालो.

मैलापूरच्या भाजीबाजारात भाजी घेतली की भाजीवाली वरून कढीपत्त्याची एक काडी आणि दोन मिरच्या पिशवीत टाकते. न मागता, फुकट. त्याला कोसुरु म्हणतात. कोसुरु दिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं कुणालाच वाटत नाही. रावकाकांनी ही पद्धत भाजीपुरती ठेवली नव्हती. ती त्यांच्या हाडात होती. पत्ता सांगितला की वरून दुसरा जवळचा रस्ता सांगायचे, आणि आपण चुकायचो. एकदा दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या पत्नी, सावित्रीबाई, वाढत होत्या. मी "पुरे" म्हटलं की काका म्हणायचे, "वरून थोडं होना तिला," म्हणजे आणखी हवं तिला, आणि डाव पडायचा. सांबार, भात, तूप, पुन्हा भात. मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. त्यांनी हात सरकायची वाट बघितली आणि पापड ठेवला. त्या दुपारी वर्गात मॅडमनी काय शिकवलं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे खरी खेप. प्रत्येक जोडीला एक निळी पेटी, आत खरं औषध. "पाण्याच्या बाटल्या नेताना कुणाची छाती धडधडत नाही," मॅडम म्हणाल्या. आमच्या वाट्याला कोवलमच्या एका छोट्या दवाखान्याचं इन्सुलिन आलं. साध्या बसने जायचं. पेटीच्या झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर दोघांच्या सह्या. पेटीबाहेर एक छोटा आकडा दिसायचा, आतल्या तापमानाचा. आणि औषधाच्या मधोमध ठेवलेलं एक चपटं यंत्र: माल गोठण्याइतका गारठला की त्यावरची बरोबरची खूण जाऊन फुली उमटणार, आणि ती परत पुसता येणार नाही. नियम एकच. वाटेत झाकण उघडलं की नापास. आणि नापास म्हणजे मला भिंती.

त्या सकाळी आम्ही आइसपॅक टेबलावर मांडले. घाम सुटला. एकेक कानाशी धरून हलवला. सगळे गुणी पोरांसारखे वाजले. पेटी भरली. मी मॅडमना बोलवायला गेले आणि आले, तोवर काकांनी झाकण लावून पट्टी तयार ठेवली होती. सह्या झाल्या. आम्ही निघालो.

बस समुद्राच्या कडेच्या रस्त्याला लागली. खिडकीतून येणारं वारं भट्टीतून आल्यासारखं होतं. बायका पदराने वारा घेत होत्या, इंजिनाजवळ बसलेला माणूस देवाचं नाव घेत होता, कंडक्टर तिकिटाऐवजी घाम पुसत होता. मी आकड्याकडे बघितलं. पाच. काकांकडे बघून हसले. थोड्या वेळाने चार. वा! मग तीन. मी हसायची थांबले.

"रावकाका, हा खाली का चाललाय?"

"गार आहे की. बेस आहे," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आकडा दोनवर आला. मी त्यांच्याकडे वळून बसले. "काका. पेटीत काय आहे?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही मॅडमला बोलवायला गेलात की. तेव्हा वाटलं, बाहेर एवढी कत्तिरी, लेकरू इतक्या लांब चाललं. चार डबे कसे पुरतील? म्हणून वरून दोन."

"वरून दोन काय?"

"आइसपॅक. फ्रीजरातले."

"हलवून बघितले?"

"वेळ कुठे होता मा."

दगडासारखे दोन आइसपॅक, इन्सुलिनच्या डोक्यावर, कोसुरु म्हणून! मला त्यांचा इतका राग आला, की तेव्हा मला कुणी पेटीवर बसवलं असतं तर पेटी आपोआप चाळीसवर गेली असती. आकडा दोनच्या खाली उतरला.

आणि मग त्या बसने जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नसेल. सगळी गाडी थंडाव्यासाठी तळमळत होती आणि आम्ही दोघं उष्णतेसाठी. मी सावलीतली जागा सोडून उन्हाच्या बाजूला गेले आणि पेटी मांडीवर घेऊन उन्हात धरली. काही नाही. पेटी चांगल्या बनावटीची होती, बाहेरचं ऊन आत शिरू देणं तिच्या इमानात बसत नव्हतं. काकांनी इंजिनाजवळच्या माणसाला हात जोडून उठवलं. देवाने ऐकलं असंच त्या माणसाला वाटलं असणार. तिथे बसून काकांनी पेटी छातीशी कवटाळली. त्यांच्या नाकावरून घाम टपटप पेटीवर पडत होता. आकडा एकवर आला.

"एन्नम्मा इदु?" कंडक्टरने विचारलं. काय आहे हे? "आइस्क्रीमा?"

"औषध," काका तमिळमध्ये म्हणाले. "थंडी वाजतेय त्याला."

कंडक्टरने आमच्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला.

आता उरला एकच उपाय. झाकण उघडून ते दोन डबे काढायचे. पट्टीवर माझी सही होती, निळ्या शाईतली. मला नोकरी दिसली, गोदामातलं माझं टेबल दिसलं आणि मग त्या फ्लॅटच्या भिंती दिसल्या. दुसरीकडे कोवलमला कुणीतरी या औषधाची वाट बघत बसलं होतं, ते विश्वासाने टोचून घेणार होतं, आणि दिसायला ते अगदी तसंच असणार होतं. मला रडू येत होतं. काका म्हणाले, "मी उघडतों. माझं काय, पुढल्या वर्षी घरीच बसायचं आहे."

"सरका तुम्ही," मी म्हटलं आणि पट्टी फाडली.

दोन आइसपॅक बाहेर आले, पांढरेफटक, वाफाळणारे. झाकण पटकन बंद केलं. सगळ्यांच्या नजरा त्या डब्यांवर. पुढच्या सीटवरच्या आजींनी न विचारता हात पुढे केला. मी एक डबा दिला. त्यांनी तो डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मग तो मानेवर गेला, मग शेजारणीच्या गालावर, मग मागच्या बाकावर. दुसरा ड्रायव्हरकडे गेला आणि बस जरा जोरात धावायला लागली. काका जागेवरून उभे राहून भरात मराठीतच सगळ्यांना सांगत होते, "असकं, सगळं सावकाश! सगळ्यांना मिळेल!" एवढी मोठी पंगत त्यांनी आयुष्यात वाढली नसेल. मला इतका राग आलेला असूनही हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना.

कोवलमचा थांबा आला तेव्हा आकडा तीनवर होता. डबे परत मिळवायला मात्र नाकीनऊ आले. फिरून आलेला एक आजींनी पदरात गुंडाळला होता.

दवाखान्याच्या ओसरीवर औषधाची वाट बघत अंजलै नावाची एक बाई बसली होती, मासळी विकून थेट आलेली, शेजारी इन्सुलिन ठेवायचं मातीचं ओलं मडकं. तिच्या घरी फ्रीज नव्हता. मडकं रिकामं होतं. नर्सने फाटलेली पट्टी बघितली, मग माझ्याकडे. तिने पेटी उघडली आणि ते चपटं यंत्र बाहेर काढलं. मी डोळे मिटून घेतले. काका देवाला वरून काहीतरी कबूल करत होते.

"सरी," नर्स म्हणाली. ठीक आहे. बरोबरची खूण जागेवर होती.

अंजलैने मडक्यात औषध ठेवलं, वर ओलं फडकं झाकलं, आणि काकांच्या घामाने चिंब शर्टाकडे बघून काहीतरी म्हणाली. नर्स हसली. काकांनी मला अर्थ सांगितला: हा माणूस समुद्रातून आला की बसने?

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमसमोर उभे राहिलो. काकांनी मी तोंड उघडायच्या आत सगळं सांगून टाकलं. "मीच ठेवलों. मला नापास करा, तिला पास करा. तिची नोकरी अजून पक्की नाही."

"जोडीला एकच निकाल असतो," मॅडम म्हणाल्या. "झाकण कुणी उघडलं?"

"मी," मी म्हटलं.

"नियम ठाऊक होता?"

"होता. पण औषध मेलं असतं."

मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "दरवर्षी कत्तिरीत कुणाची तरी पेटी तापते," त्या म्हणाल्या. "कत्तिरीत पेटी गारठवणारे तुम्ही पहिलेच. नापास. कत्तिरी संपायच्या आत पुन्हा खेप करा." मग त्या खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

दुसऱ्या खेपेला काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, वरून काही ठेवलं जाऊ नये म्हणून. टेबलावर बर्फ, समोर आम्ही. त्या दिवशी मी एकदाही उठले नाही. काका बोलत होते. निवृत्तीचं त्यांना भय वाटत होतं, पगाराचं नाही. "स्टोअरात दिवसभर कोणी ना कोणी घ्यायला येतं, मा. घरी बसून कोणाला काय देऊ?" मी एक डबा पुसून पुन्हा जागेवर ठेवला. मग डब्यांना घाम सुटला, सगळे वाजले, आम्ही निघालो आणि आकडा चारवरून हलला नाही. आम्ही पास झालो. बसमध्ये मात्र कुणालाच काही मिळालं नाही, आणि काका कोवलम येईपर्यंत खट्टू होते.

आता त्या गोदामात माझं टेबल आहे. नव्या मुलांना मी आइसपॅक हलवायला शिकवते, आणि "वरून दोन" म्हटलं की त्यांनी हात वर करायचे असा आमचा कायदा आहे. मॅडम अजूनही आपल्या वर्गात ती गोष्ट सांगतात, नाव न घेता. चहा मी अजूनही उकळायच्या आतच गाळते.

काका आता निवृत्त झालेत, आणि कत्तिरी लागली की त्यांचा फोन येतो. काल आला. संध्याकाळी समुद्रावरून वारं सुटल्यावर मी मैलापूरला गेले. सावित्रीबाई बेंगळुरूला मुलीकडे, तिच्या बाळंतपणाला. घर आवरलेलं आणि फार शांत. काकांनी स्वतः केलेलं नीर मोर दिलं. मी पुरे म्हटलं, त्यांनी वरून ओतलं. घरचं, मुलीचं, गोदामाचं बोलून झालं. मला अजून बाजार करायचा होता, निखिल यायची वेळ झाली होती. मी उठले.

"थांबा मा," म्हणत ते आत गेले आणि फ्रीजरमधून गोठलेल्या ताकाची बाटली घेऊन आले. "वाटेत ऊन लागेल." बाहेर ऊन कधीच उतरलं होतं. माझ्या हातात ती देऊन ते पुन्हा आत गेले आणि वरून आणखी एक घेऊन आले.

मी पहिली बाटली कानाशी धरून हलवली. मग दुसरी. आत काही वाजलं नाही.

"घाम नाही सुटला अजून, रावकाका."

"मग?"

"मग काय, बसते."

त्यांनी पंख्याखालची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली आणि स्वतः समोर बसले. दोन्ही बाटल्या मधल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि मला मुळीच घाई नव्हती.